ताटावरचा हात

हौसाक्का चार महिने माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि त्या सोमवारी बोलल्या त्या थेट भांडायलाच.

"ओ बाई, तुमच्या त्या मशिनीला डोळं हाईत न्हवं? मग तिला तिसऱ्या ओळीतली पोरगी वाळत चाललेली दिसंना व्हय?"

मी मेसच्या मागं, भांडी घासायच्या मोरीपाशी, ताटं मोजणाऱ्या कॅमेऱ्याची काच पुसत होते. म्हटलं, "कुठली पोरगी?"

"कोळेकराची दुर्वा. जतकडची. आली तवा कशी टणक हुती. खो-खो खेळायची. आता बघा जरा, गालाची हाडं वर आल्यात. बावीस वर्सं वाढलंय मी हितं. कोण उपाशी उठतंय ते मला पाठमोरं कळतंय."

"आक्का, तिचं ताट रोज स्वच्छ येतं. मशीन म्हणतंय ती समाधानी आहे."

"ताट मी घासते बाई, मशीन न्हाई," आक्का म्हणाल्या. "ती ताट धुऊन दिल्यागत देतीया. पोट भरलेलं माणूस असं ताट पुसत न्हाई." आणि त्यांनी नळ इतका जोरात सोडला, की पुढचं माझं बोलणं मलाच ऐकू आलं नाही.

आक्कांचा राग मला समजत होता. त्यांना वाढपातून काढून मोरीवर बसवलं ते मीच. म्हणजे मी नाही, 'समतोल'नं. पण 'समतोल' बसवणारी तांत्रिक अधिकारी मी, केतकी उमराणी. तेव्हा बोलणी मीच खायची.

कृष्णाकाठ विद्यापीठाच्या मुलींच्या मेसमध्ये नऊशे ताटं होतात. दोन वर्षांपूर्वी तिथून रोज एकशेदहा किलो अन्न वाया जायचं. मागच्या खड्ड्यात ते कुजायचं, त्यातून हवा तापवणारा मिथेन वायू निघायचा, आणि कँपसवरची शंभर सौर पॅनलं जे कमावतात त्यातलं बरंचसं हा एक खड्डा गमावतो असं आमच्याच पर्यावरण विभागानं दाखवून दिलं होतं. म्हणून 'समतोल' आलं. मुली त्याला मापाडी म्हणतात.

त्याचं शास्त्र सोपं आहे. प्रत्येक ताटाच्या बुडाशी कागदाइतकं पातळ वजनपटल असतं. वर कॅमेरा असतो, तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ताटावर टाकतो. पाणी, पिठूळ पदार्थ, तेल, प्रथिनं हे सगळे तो प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेनं परत पाठवतात. त्यामुळे ताटात भात उरलाय की उसळ, आणि किती ग्रॅम, हे मशीनला कळतं. कुठल्या ताटावर कोण जेवलं तेही कळतं. हे रोज दोन वेळा, नऊशे जणींचं साठवत गेलं की कोण उद्या किती जेवेल याचा अंदाज बांधता येतो, आणि स्वयंपाकघर तेवढंच रांधतं. दुसऱ्यांदा वाढायला टेबलांच्या मधून रुळावर एक गाडी फिरते. तिला एक हात आहे. ती प्रत्येकीपुढे दोन सेकंद थांबते. मुलीनं ताटावर हात आडवा धरला की पुढे जाते. ज्यांना पहिल्या वाढपातच जास्त हवं त्यांनी ताटाच्या कडेचं बटण दाबायचं. मग त्यांच्या जागेवर नारिंगी दिवा लागतो आणि गाडी त्यांच्याकडे आधी येते.

त्यातला एक नियम माझा होता. ज्या मुलीचं ताट पूर्ण स्वच्छ येतं आणि जी गाडीला हात आडवा धरते, तिला बरोबर तेवढंच अन्न लागतं असं धरायचं. आणि खात्रीसाठी दर आठवड्याला तिचं पान दोन टक्क्यांनी कमी करून बघायचं. कमी पडलं तर ती बटण दाबेल, मग वाढवू. सभेत मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

वाया जाणारं अन्न एकशेदहा किलोंवरून चार किलोंवर आलं. माझा फोटो विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आला. त्यात माझ्या कडेवर माझी लेक इरा होती, कारण त्या दिवशी पाळणाघर बंद होतं.

दुपारी इरा झोपली की मला साधारण पन्नास मिनिटं मिळतात. त्या पन्नास मिनिटांत मी दुर्वा कोळेकरची नोंद उघडली.

पहिल्या आठवड्यात दुपारचं पान सहाशेचाळीस ग्रॅम. अठरा आठवड्यांनंतर चारशेपंचेचाळीस. मध्ये एकदाही उंचवटा नाही, एखादी वाळूची घसरगुंडी असावी तशी रेघ. बटण शून्य वेळा. हात आडवा, प्रत्येक वेळी. ताट स्वच्छ, प्रत्येक वेळी. शेवटच्या रकान्यात हिरव्या अक्षरांत: समाधानी.

मग मी तशाच रेघा शोधायला सांगितल्या. एकाहत्तर निघाल्या.

इतके दिवस मी सरासरी बघत होते. सरासरीत या एकाहत्तर जणी कुठंच दिसत नव्हत्या.

इरा उठली. तिला वरणभात भरवायला घेतला, तर तिनं ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, माझा हात ढकलला. रोजचंच आहे. मी घास हातात धरून तिला खिडकीतला बुलबुल दाखवला, दोन मिनिटं थांबले, परत घास नेला. तिनं तोंड उघडलं.

आणि मी तशीच बसले, उष्टा हात वाळेपर्यंत. माझ्या लेकीच्या पहिल्या नकाराला मी कधी जुमानलंय? आणि तिथे नऊशे लेकींसाठी मी दोन सेकंद लिहून ठेवलेत.

दुर्वा वसतिगृहाच्या पायरीवर भेटली. मोठे डोळे, बारीक मनगटं, अंगात खो-खो संघाचा जुना टीशर्ट, तो आता खांद्यावरून घसरत होता.

"संघातून काढलं, मॅडम," तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. "दम लागतोय म्हणून. त्रेचाळीस किलो झाले. एकोणपन्नास होते."

"अगं मग बटण का दाबत नाहीस?"

ती हसली. "दिवा लागतो ना, मॅडम. नारिंगी. अख्ख्या हॉलला दिसतं कोण मागतंय ते."

"आणि गाडी येते तेव्हा हात का ठेवतेस?"

तिला प्रश्नच समजेना. म्हणाली, "पहिल्या झटक्याला कोण हो म्हणतं? आमच्याकडं पाव्हण्याच्या घरी जेवायला बसलं की आई डोळं मोठं करून बघायची. हात आडवा करायचा. मग ती लोकं आग्रह करतात, हाताच्या खालून सरकवतात, मग खायचं. आणि ताटात काही टाकायचं नाही. इथं हात केला की गाडी जातीच पुढं. आधी वाटायचं, परत येईल. आता कळलंय, येत नाही."

"मग आता तरी..."

"आता हात आपोआप जातो, मॅडम." मग खाली बघून म्हणाली, "आबा येणारायत रविवारी. व्हिडिओवर तोंड बघितलं त्यांनी माझं. म्हणाले, हवापाणी मानवत नाही तर राहू दे ते शिक्षण, घरी चल."

दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. दोन पेपरांत वर्गात पहिली. आणि माझ्या दोन टक्क्यांपायी ती रविवारी एस.टी.त बसून परत जाणार.

अधिष्ठाता डॉ. हेरवाडकर यांच्या केबिनमध्ये मी त्याच संध्याकाळी एकाहत्तर रेघा घेऊन गेले.

"केतकी, गुरुवारी हरित मानांकनाची समिती येतेय," ते म्हणाले. "हे तुम्हाला नेमकं आजच सुचलं?"

"आजच कळलं, सर."

"यातल्या एकीची तरी लेखी तक्रार आहे?"

"नाही. तक्रार न करणाऱ्याच आहेत त्या. म्हणून तर सापडल्या नाहीत."

"नऊशेंत एकाहत्तर. सरासरी बघा."

"सर, सरासरी जेवायला बसत नाही."

त्यांनी चष्मा काढला. हेरवाडकर वाईट माणूस नाही, हीच अडचण. ते म्हणाले, "मी याच विद्यापीठात शिकलोय. दुष्काळाचं साल होतं. सकाळी आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहायचो, आणि दुपारी मेसच्या मागं घमेली भरभरून भात पुरला जायचा. मला ते अजून दिसतं. ताटामागे पाच ग्रॅमच्या खाली आलेली ही राज्यातली एकमेव मेस आहे. आता परत त्या खड्ड्याकडं जायचं का?"

"खड्ड्याकडं नाही. पण दोन टक्क्यांची कपात मी थांबवते, आणि गाडी दुसऱ्यांदा विचारेल असं करते. एक दिवस बघू."

"एक दिवस," ते म्हणाले.

मंगळवारी गाडीनं दोनदा विचारलं. जेवण पंचवीस मिनिटं लांबलं, तासाला निघालेल्या मुली वैतागल्या. कपात केलेल्या पानांचा अंदाज मशीनला अचानक बांधता येईना, स्वयंपाक जास्त झाला, एकोणीस किलो वाया गेलं. आणि दुर्वानं दोन्ही वेळा हात आडवा धरला.

"अगं, का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ती माझ्यासाठी परत थांबली की मागच्या सगळ्या माझ्याकडं बघतात, मॅडम. 'घे की लवकर' म्हणतात."

मला रडायला येत होतं, रागानं. गाडीला दोनदा थांबायला शिकवता येत होतं. तिसऱ्यांदाही शिकवता आलं असतं. पण समोरच्या पोरीचं तोंड बघून, हा हात खरा की रीतीचा, हे ओळखायचं कसं ते मला आकड्यांत लिहिता येईना. मोरीवर बसून ताटं घासणाऱ्या बाईला ते येत होतं, आणि तिला तिथून उठवून मागं बसवलं होतं आम्ही.

बुधवारी सकाळी हेरवाडकरांनी जुने नियम परत चालू करायला लावले. सोबत एक कागदही पाठवला. समितीला द्यायचं निवेदन, तांत्रिक अधिकाऱ्याच्या सहीचं. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'या यंत्रणेत कोणासही इच्छेपेक्षा कमी वाढले जात नाही.'

गुरुवारी समिती आली. तिघं जण. अध्यक्ष प्राध्यापक मुतालिक, उंचेपुरे, भारदस्त, पंगतीत उठून दिसतील असे. त्यांनी खतप्रकल्प बघितला, पाण्याची मीटरं बघितली, मग हेरवाडकरांनी त्यांना मुलींच्याच टेबलावर जेवायला बसवलं. नवीन माणसाची माहिती नसली की मशीन हॉलच्या सरासरीनं वाढतं. मुतालिकांच्या ताटात एका मध्यम चणीच्या मुलीचं जेवण पडलं. भाकरी, हरभऱ्याची उसळ, आमटी, मूदभर भात. पाच मिनिटांत त्यांनी ते संपवलं.

गाडी आली. त्यांच्यापुढे थांबली.

मुतालिकांनी हेरवाडकरांशी बोलता बोलता ताटावर हात आडवा धरला. तोंडावर मंद हसू, मान किंचित कलती, 'नको हो, खरंच नको' म्हणतानाची असते तशी. गाडी पुढं गेली. त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी गाडीच्या पाठीकडं बघितलं. मग बाजूच्या सदस्यांकडं. त्यांचाही हात ताटावरच होता.

मी पुढं झाले. "पोट भरलं ना, सर?"

"अगदी!" मुतालिक म्हणाले. "उत्तम व्यवस्था!" आणि बोटानं ताटातला आमटीचा शेवटचा ओघळ पुसून घेतला.

हॉलमधल्या यंत्रणेच्या पडद्यावर तिघांच्याही नावापुढे हिरवी अक्षरं उमटली. समाधानी. हेरवाडकर मला म्हणाले, "बघा." मी कपाळाला हात लावायची तेवढी राहिले.

"निवेदनावर सही?" त्यांनी हळूच विचारलं.

"संध्याकाळपर्यंत देते," मी म्हटलं आणि पळाले.

पाळणाघर फाटकाबाहेर आहे. इराला घेऊन निघाले, तर वडेवाल्याच्या हातगाडीपाशी समितीची मोटार उभी. मुतालिकांच्या एका हातात वडा, दुसऱ्या हातात तळलेली मिरची. बाकीचे दोघं मोटारीच्या पलीकडं, जरा लपल्यासारखे. मला बघून मुतालिक दचकले.

"सवय हो," ते म्हणाले. "जेवणानंतर काहीतरी चमचमीत लागतं."

"सर, एक विचारू? तुम्ही ताटावर हात का ठेवला?"

"अहो, एकदम हो कसं म्हणायचं? म्हटलं, परत विचारतील."

"ते परत विचारत नाही." इराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत मी फोन उघडला. "ही तुमची नोंद. ताट स्वच्छ, हात आडवा, समाधानी. तुम्ही इथंच जेवत राहिलात तर पुढच्या आठवड्यात तुमचं पान दोन टक्के कमी होईल. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी दोन."

मुतालिक हसले, चांगले खळखळून हसले. त्यांचा ड्रायव्हरही हसला. "म्हणजे मला बारीक करणार तुमचं यंत्र! बायकोला सांगतो."

मी दुसरी रेघ काढून त्यांच्यापुढं धरली. "ही दुर्वा. दुसऱ्या वर्षाला आहे. परत विचारतील म्हणून ही अठरा आठवडे वाट बघतेय. अशा एकाहत्तर आहेत."

ते बघत राहिले. तोंडातला घास त्यांनी सावकाश गिळला. फाटकाबाहेर हातगाडी होती आणि ती त्यांना परवडत होती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण उरलेला वडा त्यांनी कागदावर ठेवून दिला. लगेच इरानं त्यावर हात मारला, तर तो सबंध त्यांनी तिच्या मुठीत दिला.

"निवेदनावर सही केलीत?"

"नाही."

"करू नका. आणि का केली नाही ते लिहून पाठवा. आकड्यांसकट. हातगाडीपाशी ऐकलेलं मला अहवालात घालता येत नाही."

"लिहिलं तर माझं इथलं काम जाईल, सर."

"हो," ते म्हणाले. "ते मी थांबवू शकत नाही."

शुक्रवारी इरा झोपल्यावर मी लिहायला बसले. पन्नास मिनिटांत दीड पान झालं. ती उठली, तिला खेळायला डबे काढून दिले, डब्यांच्या आवाजात आणखी अडीच पानं झाली. दोन टक्क्यांचा नियम माझा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. आधी ते तिसऱ्या पानावर होतं. तिथून उचलून वर आणलं, आणि पाठवून दिलं.

शनिवारी हेरवाडकरांचा फोन आला. मानांकन सहा महिने स्थगित. समितीनं तोवर माणसांकडून वाढप करून तुलना करायला सांगितली होती. "उद्यापासून गाडी बंद. हौसाबाईंना आणि त्यांच्या बायकांना वाढायला लावा," ते म्हणाले. "किती वाया गेलं तो आकडा रोज मला हवा." मग म्हणाले, "तुमचं कंत्राट एकतीसला संपतंय. पुढं वाढवलं जाणार नाही, हे तुम्ही गृहीत धरलं असेलच."

"धरलंय, सर."

"मला वाईट वाटतं, केतकी. पण तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

मी सोमवारी सांगितलं होतं. रेघा घेऊन त्यांच्याच टेबलापुढं उभी होते. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले. इराला तो खेळ वाटला, तीही शेजारच्या उशीत तोंड खुपसून ओरडली.

रविवारी दुर्वाचे आबा आले. उन्हानं रापलेले, पांढरा सदरा, खांद्यावर रिकामी पिशवी. लेकीचं सामान भरायला आणलेली. हौसाक्कांनी त्यांनाही पोरीशेजारीच बसवलं. "आधी जेवा पावणं. मग काय न्ह्यायचं ते न्ह्या."

हॉलमध्ये गडबड होती. बायका ओळींतून फिरत होत्या, कुणाला आमटी जास्त पडत होती, कुणाला भाजी मिळाली नव्हती. कुणाच्याही मापात काही नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात किलो मोजत होते. ती खोड जायला वेळ लागणार.

पहिली भाकरी संपली तशी आक्का दुरडी घेऊन दुर्वापाशी आल्या. तिचा हात आपोआप ताटावर गेला.

आक्का जरा वाकल्या. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, चांगलं निरखून. "हात काढ गं. वाफ निघतीया, भाजंल," म्हणाल्या, आणि तिनं हात काढायच्या आत बोटांखालून भाकरी सरकवलीसुद्धा. मागच्या कुणी 'घे की लवकर' म्हटलं नाही. तोवर दुसरी बाई त्यांच्या ताटात आमटी ओतत होती.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "काय गं, ऱ्हातीस का येतीस संगं?"

"आधी जेवू दे की, आबा."

ती दुसरी भाकरी तिनं निम्मी खाल्ली आणि थांबली. घास तोंडाशी नेऊन परत ठेवला. मी जागची हलले. एवढं सगळं करून पुन्हा हेच? पण ती लाजत नव्हती. तिला खरंच जात नव्हतं. आतडी आक्रसली होती पोरीची, अठरा आठवड्यांत. माझा नियम बंद झाला होता, पण तिच्या पोटातून तो एका दिवसात पुसला जाणार नव्हता. तिनं ताटातल्या अर्ध्या भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिचा चेहरा पडला.

त्या दुपारी सतरा किलो वाया गेलं. ते मी हेरवाडकरांना जसंच्या तसं कळवलं.

त्या सतरा किलोंत ती अर्धी भाकरी नव्हती. आबांनी ती लेकीच्या ताटातून आपल्याकडं ओढली, आमटीत बुडवून खाल्ली, आणि रिकाम्या पिशवीची घडी घालून बगलेत मारली.

"पुढल्या ऐतवारी येतो परत," म्हणाले. "तवा ही सबंध खायाची."